बाळाच्या रक्तातली बुरशी: पालकांचे प्रश्न

माझं बाळ कमी दिवसांचं, सव्वा किलोचं. तीन आठवडे काचेत आहे. रक्तात कँडिडा निघाली. फ्लुकोनॅझोल लागू होत नाही, आता अ‍ॅम्फोटेरिसिन देणार म्हणतात. एवढ्याशा जिवाला औषधाची सवय कशी झाली? (एक आई, नांदेड)

सवय बाळाला झालेली नाही. औषधाला दाद देत नाही ती बुरशी, आणि पुष्कळदा ती तशीच वॉर्डातून बाळापर्यंत पोचते. तुमच्या हातून काही चुकलंय असं मनात आणू नका.

बुरशीच्या पेशीच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल नावाचं स्निग्ध द्रव्य लागतं. ते बनवणारं एन्झाइम फ्लुकोनॅझोल अडवतं. एन्झाइमची घडण थोडी बदलली की औषध त्याला नीट चिकटत नाही. काही बुरश्या तर आत शिरलेलं औषध बाहेर फेकतात. अ‍ॅम्फोटेरिसिन थेट अर्गोस्टेरॉललाच धरतं, म्हणून ते बहुधा चालतं. त्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, पोटॅशियम उतरू शकतं. त्यासाठी वरचेवर रक्त तपासतात. मात्र नवजात बाळं हे औषध मोठ्यांपेक्षा बरं सोसतात.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: कँडिडाची जात कोणती, आणि तिच्यावर कोणतं औषध चालतं याची चाचणी झाली का? नुसतं ‘कँडिडा’ कळून भागत नाही. क्रुसेई या जातीवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. २००९ मध्ये जपानमध्ये ओळखल्या गेलेल्या ऑरिस या जातीच्या भारतातल्या बहुतेक नमुन्यांवरही ते निष्प्रभ ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत ऑरिसला सर्वांत गंभीर गटात ठेवलंय. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर ती काढता येईल का, हेही विचारा. नळीत बुरशीचा थर धरतो आणि त्या थरात औषधाचं फारसं चालत नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. जंतुसंसर्गाच्या शंकेने सुरू केलेली तगडी अँटिबायोटिक्स कल्चर (जंतू वाढवून बघण्याची चाचणी) निगेटिव्ह आल्यावरही कारणाशिवाय चालू राहतात. त्यांनी चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

नातीचं रक्त आता स्वच्छ आहे, दूधही पिते. तरी अजून दोन आठवडे इंजेक्शनं कशाला? (आजोबा, सांगली)

साधारण १४ दिवस मोजतात ते पहिल्या स्वच्छ कल्चरपासून, औषधाच्या पहिल्या दिवसापासून नव्हे. शिवाय शरीरात खोल बसलेली कँडिडा जवळजवळ निम्म्या वेळा रक्ताच्या कल्चरमध्ये सापडतच नाही. ती डोळ्यांत, मूत्रपिंडात, मेंदूत लपू शकते. म्हणून डोळे तपासतात, लहान बाळांचं पाठीतलं पाणीही काढतात. डोस पुरा होऊ द्या.

शेजारच्या पेटीतल्या बाळालाही हेच झालंय. आम्ही आत जातो म्हणून का? (बाबा, ठाणे)

बहुधा नाही. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात १९९६ ते १९९८ दरम्यान पिकिया नावाच्या यीस्टची (एकपेशीय बुरशीची) साथ आली, ३७९ नवजात बाळं आणि मुलं सापडली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हातांवरही ते यीस्ट मिळालं. पॅराप्सिलोसिस ही कँडिडाही अशीच हातावरून फिरते. तुम्ही अंगठी, घड्याळ काढून हात धुवा आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर बाळाला छातीशी जरूर धरा. ‘सिस्टर, हात धुतले ना?’ हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगली सिस्टर रागावणार नाही.

आम्ही पेट्या, ट्रॉल्या रोज पुसतो, तरी ऑरिस परत सापडते. (परिचारिका, पुणे)

काय वापरता ते बघा. क्वाटर्नरी अमोनियमची बरीच जंतुनाशकं ऑरिसवर कमी पडतात. क्लोरीनचं द्रावण योग्य प्रमाणात करून, ठरलेला वेळ पृष्ठभाग ओला ठेवून वापरा. पेटीतून बाळाला बाहेर काढल्यावरच पुसा आणि नीट कोरडी झाल्यावरच ते परत ठेवा. हातांना अल्कोहोल रब चालतं.

सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर आहे. सासूबाई मधात टाकणखार लावायला सांगतात. (सातारा)

दोन्ही नको. टाकणखार बाळाला विषारी ठरू शकतो, आणि वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. हा थर दुधाचा असेल तर ओल्या कापडाने सहज निघतो. बुरशीचा असेल तर तो निघत नाही, पुसल्यास खाली लाल दिसतं. मग निस्टॅटिनचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. अंगावर पाजत असाल तर स्वतःची स्तनाग्रंही दाखवून घ्या, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे परत येत राहते.