दापोलीजवळचा प्लॉट गुंतवणूक म्हणून घ्यावा का? आधी तो विकून बघा

तुम्ही लिहिलंय की दापोलीपासून वीसेक किलोमीटरवर 5 गुंठ्यांचा बंगला प्लॉट 15 लाखांना मिळतोय, एजंट ‘पाच वर्षांत दुप्पट’ म्हणतोय, आणि ठाण्यात राहून निव्वळ गुंतवणूक म्हणून तो घ्यावा का. तिथे राहायला जायचं नाही हे स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. घर बांधायचं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

माझं गाव खेड तालुक्यात. 2015 मध्ये मी अशाच एका लेआउटमध्ये 4 गुंठे घेतले. 2019 मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी विकायला काढले, आणि गिऱ्हाईक मिळालं 2023 मध्ये. भाव पडला होता असं नाही, घेणाराच मिळत नव्हता. मूळ विक्रेत्याकडे त्याच लेआउटमधले प्लॉट अजून शिल्लक होते. तो हप्ते लावून देत होता, जाहिराती करत होता, रविवारी मुंबईहून गाडी भरून माणसं आणत होता. त्याच्यासमोर मी एकटा, हातात एक सातबारा. चार वर्षं दर महिन्याला फोन करायचो आणि ‘बघतो, कळवतो’ ऐकून ठेवून द्यायचो.

म्हणून घेण्याआधी तो प्लॉट विकून बघा. म्हणजे असं, की त्याच लेआउटमध्ये पहिल्या टप्प्यात ज्यांनी प्लॉट घेतले त्यांच्यातले दोन-तीन जण शोधा आणि ‘मला रिसेलचा हवाय, काय भावाने द्याल?’ असं विचारा. एजंटलाही दुसऱ्या नंबरवरून विचारा, ‘माझा इथे 5 गुंठ्यांचा प्लॉट आहे, किती मिळतील?’ तुम्हाला सांगितलेला भाव गुंठ्याला 3 लाख आहे. विकणाऱ्याला दीड-दोन लाख सांगितले गेले, तर आजचा खरा भाव तोच धरायचा.

आता हिशेब. 15 लाखांवर मुद्रांक शुल्क, 1 टक्का नोंदणी फी, वकील, मोजणी आणि जांभ्याचं कुंपण धरलं तर 17 लाखांच्या आसपास जातात. तेच 17 लाख 7 टक्क्यांनी ठेवले, तर दहा वर्षांनी साधारण साडेतेहतीस लाख होतात. म्हणजे नुसती बरोबरी करायलाही गुंठ्याचा भाव तोवर पावणेसात लाखांच्या आसपास जायला हवा, आणि त्या भावाने घेणारा हवा. व्याजावर आणि जमिनीच्या नफ्यावर कर वेगवेगळा लागतो, तो फरक सीएकडून काढून घ्या. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी जवळजवळ 15 टक्के. हा दर कशाच्या जोरावर मिळेल, हे एजंटला विचारा. ‘हायवे होतोय’ हे उत्तर मला पुरत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 च्या सुमारास सुरू झालं, आणि त्याच्या नावावर तेव्हापासून प्लॉट विकले जाताहेत. राजापूरकडे नाणारला रिफायनरी येणार म्हणून बाहेरच्या लोकांनी जमिनी घेतल्या, आणि 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. बातमीवर घेतलेली जमीन बातमीबरोबर अडकते.

हिशेब जमला तरच कागदांकडे वळा. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, हे तिन्ही हवेत. ‘सातबारा नंतर वेगळा करून देऊ’ म्हणाले तर तिथेच थांबा. जमीन अजून शेतीचीच असेल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला मनाई करणारा कायदा, आडवी येऊ शकते. शिवाय तुम्ही शेतकरी नसाल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर प्लॉट विक्रीलाही महारेराकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम-प्रकल्प नियामकाकडे, नोंदणी लागते, तो नंबर मागून स्वतः तपासा.

कोकणात खरी गुंतागुंत जुन्या फेरफारांत, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींत असते. मूळ सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मंडळी मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारस नोंद झालेली नाही. एखाद्या बहिणीची सही राहिलेली असते आणि ती दहा वर्षांनी हक्क मागते. तो हक्क तिचा असतोच, भुर्दंड मात्र तुम्हाला पडतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव किंवा खाजगी वनाचा शेरा आहे का, ते वाचा. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, तुमच्या वकिलाकडून घ्या, विक्रेत्याच्या नको.

जागा एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये बघा. जुलैत वहाळ कुठून फुटतो ते दिसतं, मेमध्ये गावातल्या विहिरीत किती पाणी उरतं ते कळतं. रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीने आहे, हे तलाठ्याकडे विचारा. वाडीत चहा पीत कोणाशी तरी बोला. तिथे कोणत्या जमिनीचा वाद चाललाय, हे सगळ्यांना माहीत असतं.

तुम्ही जेवढं लिहिलंय, तेवढ्यावर मी 15 लाखांना हा प्लॉट घेणार नाही. रिसेलमध्ये कोणी 9-10 लाखांना देत असेल, कागद स्वच्छ असतील आणि हे पैसे पंधरा वर्षं लागणार नसतील, तर विचार करीन. तोवर टोकन देऊ नका, एक लाखाचंसुद्धा. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असा फोन येईल. येऊ दे. सर्च रिपोर्ट हातात यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे मागून घ्या.