झिपला कुलूप, किल्ली मेलमधेच

प्रश्न: वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे आमचं छोटं युनिट आहे, तीसेक माणसं, मेल सर्व्हर स्वतःचा, लिनक्सवर मेलसाठी पोस्टफिक्स आणि अँटिव्हायरस म्हणून क्लॅमएव्ही. चवथीची सुट्टी संपवून आलो तर अकाउंट्समधल्या तिघांना 'बिल' नावाची झिप आलेली, पासवर्ड मेलमधेच लिहिलेला, एकाने उघडलीसुद्धा. अँटिव्हायरस असताना ती आत आली कशी?
– एक वाचक, वेर्णा

उत्तर: आधी तो कॉम्प्युटर नेटवर्कवरून काढा, केबल उपसा, वायफाय बंद, आणि त्या माणसाचे पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदला. व्हायरस खरंच चालला असेल तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला, ६ तासांत कळवायचं असतं, २०२२ पासून तसा नियम आहे. बाकीचं त्यानंतर वाचा.

क्लॅमएव्ही झोपला नव्हता हो, कुलूप लावलेल्या झिपच्या आत त्याला बघताच आलं नाही. पासवर्ड आपल्याला दिसतो, स्कॅनर काही मेल वाचून झिप उघडत बसत नाही, आणि मूळ सेटिंग असं की जे उघडत नाही ते जाऊ दे. म्हणून क्लॅमडीच्या (क्लॅमएव्हीचा मागे सतत चालणारा भाग) कॉन्फिग फाइलमधे 'अलर्ट एन्क्रिप्टेड आर्काइव्ह' ही ओळ शोधा, 'यस' करा, सर्व्हिस रिस्टार्ट करा. शेजारी 'अलर्ट एन्क्रिप्टेड डॉक' आहे तिला मात्र हात लावू नका, बँकेची स्टेटमेंटं पासवर्डवाल्या पीडीएफमधूनच येतात, ती अडली की अकाउंट्सवाले तुमच्या टेबलाशी उभे!

दुसरं, एक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ असल्या फाइली पोस्टफिक्सच्या दारातच परत पाठवा, स्कॅन वगैरे नंतर. मे २००० मधे 'आय लव्ह यू' पसरला तो असाच, फाइलच्या नावात टीएक्सटी आणि त्यामागे व्हीबीएस, विंडोज शेवटचं शेपूट लपवायचं आणि लोकांना वाटायचं साधं पत्र आहे. बिलं पाठवणारा कोणीही तुम्हाला व्हीबीएस पाठवत नाही.

क्लॅमएव्हीला व्हायरसच्या नव्या खुणा, म्हणजे सिग्नेचर, आणून देणारं फ्रेशक्लॅम सुट्टीत चालू होतं का तेही लॉगमधे बघा, जुन्या सिग्नेचरवर नवा व्हायरस सापडत नाही.

सगळं झालं की आयकार फाइलने तपासा. ६८ अक्षरांचा साधा मजकूर, नुकसान शून्य, पण सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. जीमेलवरून पाठवायला जाऊ नका, तिथेच अडेल. ऑफिसातल्याच एखाद्या लिनक्स मशिनवरून एसएमटीपीने, म्हणजे थेट आपल्याच मेल सर्व्हरला, पाठवा, एकदा उघडी, एकदा पासवर्डच्या झिपमधे. दुसरी इनबॉक्समधे दिसली तर रिस्टार्ट करायचं राहिलंय.