पॅकेजने उपचार स्वस्त होतात का?

प्रश्न : प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल न लावता आजारानुसार ठरावीक रक्कम दिली, तर खर्च घटतो का? दर्जाचे काय?

उत्तर : रुग्णालयातला मुक्काम नक्की घटतो. अमेरिकेच्या मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) १९८३ मध्ये निदानगटानुसार, म्हणजे सारख्या आजारांचे गट करून प्रत्येक गटाला ठरावीक, रक्कम देणे सुरू केले, तेव्हा रुग्णालयातले सरासरी दिवस कमी झाले. जादा दिवसाचा भुर्दंड रुग्णालयावर, म्हणून अनावश्यक तपासण्याही गळतात. गडबडही तिथेच होते : रुग्णाला अर्धवट बरा असताना घरी धाडणे, गुंतागुंतीचे रुग्ण टाळणे, कागदावर आजार गंभीर दाखवून वरचा दर लावणे. (शेवटचा प्रकार सगळ्यात चिवट.) म्हणून नुसता दर ठरवून भागत नाही; घरी सोडल्यावर ३० दिवसांत कितीजण पुन्हा दाखल झाले, तेही मोजावे लागते. मेडिकेअरने २०१२ पासून असे रुग्ण प्रमाणाबाहेर पुन्हा दाखल झाले, तर रुग्णालयांची रक्कम कापायला सुरुवात केली.