गुळाचा चहा का फुटतो?

प्रश्न : ताई, साखर सोडल्यापासून आमच्याकडे गुळाचा चहा होतो. पावसाळा लागल्यापासून मात्र दोन-तीन दिवसांआड दूध फुटतंय. सासूबाई म्हणतात, गूळच वाईट. मामंजींना संध्याकाळी चहा घेतला की रात्री झोप येत नाही, पण कप हातात लागतोच. काय करावं?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. गूळ वाईट नसेल, जुना असेल. मागं एकदा गौरीच्या जेवणाला माझ्याही पातेल्याचा असाच चोथा झाला. गंगावेशीतून आणलेलं तीन लिटर म्हशीचं दूध, बाहेर पंगत उठलेली, आणि आत मी गाळणी हातात धरून उभी. नंतर गुळाचा डबा उघडून बघितला. रवा, म्हणजे गुळाची ढेप, दिवाळीनंतरच्या गुऱ्हाळातला, खालून पाझरलेला. खडा जिभेवर ठेवला तर गोडामागून आंबट चव आली. पावसाळी हवेत गूळ ओल धरतो आणि आंबतो. आंबट आणि उकळी एकत्र आली की दूध फुटणारच.

गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात चुना घालतात, त्यानं रसाचा आंबटपणा मरतो. चुना कमी पडला तर नवा गूळही दगा देतो. म्हणून गूळ घेताना खडा चाखूनच घ्या. दुकानदाराला काय वाटेल याचा संकोच करू नका, आपल्या कोल्हापुरात गूळ चाखल्याशिवाय घ्यायचाच नसतो! घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.

आता करायची रीत. आलं आधी पाण्यात घालून चांगली उकळी येऊ द्या. कच्च्या आल्यातही दूध फोडायचा गुण असतो, तो उकळल्यावर जातो. मग पावडर, मग वेगळं तापवलेलं दूध. एक उकळी आली की गॅस बंद. पातेलं मिनिटभर निवू द्या आणि मगच किसलेला गूळ घालून ढवळा. गूळ पडल्यावर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही. गौरीला मी नेमकं तेच केलं होतं.

आणि हो, साखर डॉक्टरांनी बंद केली असेल तर गूळही त्यातच धरा. तोही उसाचाच.

मामंजींना संध्याकाळी गवती चहा द्या. नावात चहा असला तरी त्यात चहाची पावडर नाही, म्हणजे झोप उडवणारं कॅफीनही नाही. परसात नसेल तर कुंडीत एक ठोंब लावा. दोन पाती धुऊन गाठ मारून पाण्यात टाकायची (पातीची कड बोट कापते, जपून), चार मिनिटं उकळायची, वर झाकण हवंच. त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. दूध नको. मामंजी पहिले दोन दिवस कुरकुरतील. त्यांच्या नेहमीच्या कपबशीतच द्या, बशीत ओतून प्यायची सवय मोडू नका.

प्रश्न : भाच्यानं दार्जिलिंगचा चहा आणला. दूध घालून उकळला तर अगदी पुचाट लागला.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दुधात उकळायला आसामची दाणेदार सीटीसी (यंत्रात चिरडून, वळवून केलेली) पावडर. दार्जिलिंगची पानं वेगळी, नाजूक. उकळी मोडलेल्या पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवा, गाळा, आणि दूध न घालता प्या.