लिनक्स कर्नलमध्ये पॅकेट गाळणाऱ्या नेटफिल्टरच्या लॉगमध्ये पॅकेटच्या हेडरऐवजी अधूनमधून कचरा छापला जातो. हेडर वाचणाऱ्या एसकेबी_हेडर_पॉइंटर() या कर्नल फंक्शनला दिलेला स्थानिक बफर आधी मेमसेटने (मेमरी एकाच मूल्याने भरणारं फंक्शन) शून्य करू का?

नको, स्थानिक बफरमधून थेट वाचण्याऐवजी एसकेबी_हेडर_पॉइंटर() जो पॉइंटर परत देतं त्यातून वाचा, आणि तो नल (म्हणजे रिकामा) असेल तर तिथेच थांबा. तुम्ही दिलेल्या बफरमध्ये हे फंक्शन नेहमी काही लिहीत नाही. हेडर पॅकेटच्या सलग भागात असेल तर ते थेट त्या जागेचा पॉइंटर देतं, बफरला हातही लावत नाही. डेटा तुकड्यांत विखुरलेला असेल तरच कॉपी करतं. म्हणून बग कधी दिसतो, कधी नाही. मेमसेट केल्यास कचऱ्याऐवजी शून्य छापलं जाईल, म्हणजे लॉग चुकीचाच राहील आणि वर चूक दिसेनाशी होईल. हे जास्त घातक, कारण अशा लॉगवर लोक फायरवॉलचे निर्णय घेतात.

खात्रीसाठी केएमसॅन, म्हणजे काही न लिहिलेली मेमरी वापरली गेली तर पकडणारं कर्नलचं साधन, चालू करा (लिनक्स ६.१ पासून आहे, क्लँगने बिल्ड करावं लागतं). अख्खा स्ट्रक्ट यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) पाठवत असाल तर मात्र मेमसेट हवाच, नाहीतर पॅडिंगच्या (स्ट्रक्टमधल्या रिकाम्या जागांच्या) बाइट्समधून कर्नलची मेमरी बाहेर पडू शकते.