सॉफ्टवेअर पूर्ण होण्याआधी ग्राहकांचं मत कसं घ्यावं?

कोल्हापुरातल्या छोट्या कारखान्यांसाठी जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याकडं काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचा हिशेब ठेवणारं ॲप निम्मं झालंय, आणि लोकांचं मत आत्ता घ्यावं की पूर्ण झाल्यावर, असं तुम्ही विचारलंय. आत्ताच घ्या. फक्त "कसं वाटलं?" असं विचारू नका. आपल्याकडं दारात आलेल्या पोराला कुणी नाराज करत नाही. चहा मिळेल, "लई भारी केलंयस" असं ऐकायला मिळेल, आणि ॲप पुन्हा कुणी उघडणार नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात जाल तेव्हा आधी मोबाइल खिशातच ठेवा, ॲप दाखवू नका. स्टोअरवाल्याला विचारा: काल उद्यमनगरला मशिनिंगला किती कास्टिंग (ओतीव भाग) गेली, परत किती आली, रिजेक्शन (नापास माल) कुठं लिहिलं? तो वही काढेल. परवानगी घेऊन त्या पानांचे फोटो काढा. समासात कोंबलेल्या नोंदी नीट वाचा, कारण छापील रकान्यांत जे बसत नाही ते तिथंच असतं आणि तुमच्या ॲपमध्येही बहुधा तेच राहून गेलेलं असतं.

मालकाची काळजी वेगळी असते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं, म्हणजे त्यावर कर लागतो. त्यामुळं कुठला माल किती दिवस बाहेर आहे, हे त्याला दिसायला हवं. स्टोअरवाल्याला त्याचं काही नाही; टेम्पो दारात उभा असताना चलन, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, पटकन निघालं पाहिजे, एवढंच. दोघांची मतं एकत्र कालवू नका. पाच जणांनी वापरून बघितलं तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली लिहिलं होतं, पण ते पाच एकाच प्रकारचं काम करणारे हवेत. ते वापरत असताना शेजारी बसा आणि गप्प राहा. "इथं दाबा" म्हणालात की बघण्यासारखं काही उरत नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र एका वेगळ्या गोष्टीवर आहे. दोन-तीन कारखान्यांकडून चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, एक्सेलमध्ये स्वतः भरा आणि रोज संध्याकाळी शिल्लक मालाची यादी पाठवा. ॲप लागतच नाही. मग एखाद्या दिवशी यादी उशिरा पाठवा. "आज आली नाही काय?" असा फोन आला, तर त्या माणसाला तुमची खरी गरज आहे. त्याच्याकडं थोडे का होईना, पैसे मागा आणि पहिली आवृत्ती त्याच्याच स्टोअरमध्ये लावा.