एमडी ‘थोडीशी’ असली तरी गुन्हाच आहे, पण उपचाराची वाटही त्याच कायद्यात आहे

ताई, पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाच्या बॅगेत पांढऱ्या भुकटीच्या दोन पुड्या सापडल्या आणि विचारल्यावर तो म्हणाला की ही एमडी आहे, हिचे व्यसन लागत नाही आणि एक-दोन ग्रॅमसाठी पोलीस काही करत नाहीत. त्याचा पदार्थाबद्दलचा समजही चुकीचा आहे आणि कायद्याबद्दलचाही. मी अनेक वर्षे सत्र न्यायालयात एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, खटल्यांत आरोपींची बाजू मांडत आलो आहे आणि अशिलांच्या निमित्ताने व्यसनमुक्ती केंद्रांतही माझे येणे-जाणे असते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात ते मेफेड्रोन. अनेक मुले त्याला एमडीएमए (एक्स्टसी नावाचा दुसरा नशेचा पदार्थ) समजतात, पण ते वेगळे रसायन आहे. मेफेड्रोन प्रथम १९२९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, पुढे कित्येक दशके विस्मरणात गेले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ‘झाडांचे खत’ अशा लेबलाखाली इंटरनेटवरून विकले जाऊ लागले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले. त्याआधी ते यादीतच नसल्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले होते आणि ‘एमडीला कायदा लागत नाही’ ही समजूत बहुधा त्याच काळातली आहे. आज हा माल परदेशातूनच येतो असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत तो बनवणारे कारखानेच पोलिसांनी उघडकीस आणले. अशा ठिकाणाहून निघालेल्या भुकटीत मेफेड्रोन किती आणि भेसळ कशाची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता धोक्याविषयी. या पदार्थाचा अंमल लवकर चढतो आणि लवकर उतरतो. नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत उत्साह, बडबड, जवळीक वाटते आणि साधारण तासा-दोन तासांत सगळे ओसरते, मागे अस्वस्थता उरते. ती घालवण्यासाठी पुन्हा घ्यावेसे वाटते आणि एका रात्रीत किती वेळा घेतले याचा हिशेब राहत नाही. ‘व्यसन लागत नाही’ असे म्हणणारी मुले सकाळी थरथरणारे हात घेऊन पुढची पुडी शोधत असतात, हे मी पाहिलेले आहे. शरीरात नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसल्यामुळे बोटे गार आणि निळसर पडू शकतात, जबडा आवळला जातो, झोप आणि भूक जाते. सतत घेणाऱ्याला कोणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय येऊ लागतो, भास होतात, आणि अंमल उतरल्यावरची निराशा आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाऊ शकते. माझ्या एका अशिलाच्या आईला उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसत होते. उन्हाळा आहे, पोराचा घोळणा फुटत असेल, असे समजून तिने त्याला कांदा हुंगवला आणि डोक्यावर पाणी थापले; खरे कारण होते नाकाने ओढलेली भुकटी. तुमच्या भावाच्या बाबतीत असे काही दिसत असेल तर त्याचा दुसरा अर्थ लावत बसू नका.

जिवावर बेतण्याची वेळ बहुधा अंग प्रचंड तापल्याने, झटके आल्याने किंवा हृदयाचे ठोके बिघडल्याने येते. दारू सोबत असेल, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. म्हणून छातीत दुखणे, बरळणे, झटके किंवा चटका बसेल इतके तापलेले अंग दिसले तर १०८ ला फोन करावा, अंग थंड करावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या भीतीने मित्र खोलीचे दार लावून बसतात आणि उपचाराची मोलाची वेळ हातची जाते, याचे मला फार वाईट वाटते.

कायद्यात मेफेड्रोनसाठी दोन ग्रॅमच्या आतले ते ‘अल्प प्रमाण’ आणि पन्नास ग्रॅमच्या वरचे ते ‘व्यावसायिक प्रमाण’. कलम २२ नुसार अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, तर व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. केवळ सेवन हाही कलम २७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे अल्प प्रमाणाला शिक्षा कमी आहे, माफी नाही. शिवाय २०२० च्या हिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वजन धरताना शुद्ध अंश वेगळा काढायचा नाही, भेसळीसकट संपूर्ण मिश्रण मोजायचे. तुमच्या भावाच्या दोन पुड्या मिळून दोन ग्रॅम भरल्या, तर त्यात निम्मी भेसळ असली तरी तो अल्प प्रमाणाच्या बाहेर गेला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले, त्यामुळे पोलीस ठाण्यातूनच सुटून येऊ या भ्रमात राहू नये. वसतिगृहात आणखी एक प्रकार सर्रास चालतो: चार-पाच जण वर्गणी काढतात आणि एकच जण सगळ्यांसाठी माल आणतो. पकडला गेल्यास ते सगळे वजन त्या एकाच्या नावावर लागते आणि त्याच्याकडे विक्रेता म्हणूनच पाहिले जाते.

याच कायद्याचे कलम ६४अ मात्र फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचारासाठी दाखल झाली आणि तिने ते उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर त्या गुन्ह्यांसाठी खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. अटक झाल्यावर घाईघाईने मिळवलेल्या प्रमाणपत्रापेक्षा आधीपासून सुरू असलेल्या उपचारांचे कागद न्यायालयात कितीतरी वजनदार ठरतात.

म्हणून आता एवढे करा. त्या पुड्या त्याला परत देऊ नका, विकणाऱ्याकडे पोचवायलाही पाठवू नका, कारण ती ने-आण हाच गुन्हा आहे. आजच फौजदारी वकिलाला भेटा आणि पुड्यांचे काय करायचे ते त्यांच्या सल्ल्यानेच ठरवा. भावाला आरडाओरड न करता घरी आणा आणि काही दिवस एकटे सोडू नका, कारण नशा सोडल्यानंतरचे दिवस मनाने सर्वात जड असतात. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवरून जवळचे केंद्र कळू शकते, आणि मन फार खचले असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचे समुपदेशक बोलतात. नोंदणीच्या वेळी केंद्राची सरकारी मान्यता कागदावर पाहून घ्या, आणि पहिल्या दिवसाच्या केसपेपरपासून प्रत्येक पावती तारखेसह जपून ठेवा.